‘लागला’ की ‘लागतोय’?

जुहूच्या विमानतळावरून उठलेलं हेलिकॉप्टर इमारतीवरून जातं तेव्हा आमच्या टेबलावर कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. दहा-पंधरा सेकंदांचा मामला. चहाचे कप थरथरतात, ताटलीतले फासे किणकिणतात आणि बोलणारा माणूस नुसते ओठ हलवत राहतो. डिसेंबरातल्या एका रविवारी याच दहा-पंधरा सेकंदांत आमची जादूगारीण आडवी झाली.

झालं असं. राक्षसाने गदा फिरवली. राक्षस म्हणजे आमचा डीएम. एरवी तो लोकांचे जीएसटीचे कागद भरतो. वेळ वाचावा म्हणून त्याने वीस बाजूंचा फासा आणि नुकसान मोजायचे आठ बाजूंचे दोन फासे एकाच मुठीतून टाकले. विशीवर ११ पडले, त्यात राक्षसाचे ६, एकूण १७. जादूगारिणीच्या बचावाचा आकडा १५. म्हणजे लागला. तसं तो म्हणालाही असणार, ओठ हललेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. हेलिकॉप्टर समुद्राकडे सरकलं तेव्हा कानावर आलं ते पुढचं वाक्य: ‘चौदा.’ जादूगारिणीकडे हिट पॉइंट, म्हणजे शिल्लक जीव, उरले होते १२.

‘थांब थांब, शिल्ड!’ ती ओरडली. ती एरवी पार्ल्यात बॉटनी शिकवते, त्यामुळे आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.

‘आता कसलं शिल्ड? डॅमेज सांगून झालं.’

‘अरे, पण लागला हे मला ऐकूच नाही आलं!’

‘तो काय माझा दोष? हेलिकॉप्टरला सांग.’

पुढचा पाऊण तास राक्षस गदा टेकवून उभा राहिला आणि आम्ही पाच जण पुस्तकं उघडून बसलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावात छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिल्या छपाईच्या १००० प्रती. खेळायला पट लागतोच असं नाही. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तोच राक्षस, तोच वाणी, तोच पाऊस, आणि भांडण झालं की पंचही तोच. ‘मी दारामागे लपते’ असं म्हटलं की तुम्ही लपलात. ‘मी त्याला मारते’ असं म्हटलं की मात्र फासा टाकावा लागतो.

लढाई सुरू झाली की पाळ्या लावतात. सध्याच्या नियमांत एक राउंड म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत सगळे एकदमच धावत, मारत, ओरडत असतात असं समजायचं, पण टेबलावर एकेकाची पाळी चालते आणि सहा सेकंदांना अर्धा तास लागतो. हे ढोंग सोयीचं आहे. या खेळाचा आजोबा म्हणजे प्रशियाच्या सैन्यातला १८२४ सालचा ‘क्रीगश्पील’. त्यात एक चाल दोन मिनिटांची धरत आणि लेखी हुकूम वाचून काय घडलं ते पंच ठरवी. पण माझी पाळी चालू असताना तुम्ही खरोखर हात बांधून उभे राहाल का? मी तुमच्या नाकासमोरून पळालो तर तलवार नुसती बघत बसेल का? तिथे हे ढोंग फाटतं, आणि त्या फाटक्या जागेवर लावलेलं ठिगळ म्हणजे मध्येच आडवं येण्याचे नियम. अशा आडवं येण्याला ‘रिॲक्शन’ म्हणतात, आणि ती राउंडला एकच मिळते. खेळातली भांडणं बहुतेक या ठिगळापाशीच होतात.

तसं हे आपल्याला नवं नाही. चाळीच्या चौकात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा जुहूच्या वाळूत पकडापकडी खेळलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ‘टाइमप्लीज’ म्हटलेलं असतं. आणि त्यावरचं भांडणही एकच: हात लागायच्या आधी म्हणालास की लागल्यावर? आमच्या वेळी निकाल ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागे.

त्याहून जुना खटला महाभारतात आहे. द्रोणपर्वात, जयद्रथवधाच्या दिवशी, भूरिश्रवा थकलेल्या सात्यकीला खाली पाडतो, केस धरतो, छातीवर पाय देतो आणि तलवार उगारतो. कृष्ण अर्जुनाला ते दाखवतो, आणि अर्जुन दुरून बाण मारून तो उगारलेला हात तोडतो. भूरिश्रव्याची तक्रार नियमाची आहे: मी तुझ्याशी लढतच नव्हतो, दुसऱ्याशी लढत असताना तू मध्ये आलास कसा? अर्जुनाचंही उत्तर आहे, आपल्या बाजूच्या माणसाला डोळ्यांदेखत मरू देणं हा कुठला धर्म? पुढे भूरिश्रवा शस्त्र टाकून प्रायोपवेशनाला बसतो आणि सगळे नको नको म्हणत असताना सात्यकी त्याचं डोकं उडवतो. तेव्हा मात्र आडवं यायला कुणाकडे रिॲक्शन उरलेली नव्हती.

मला त्या प्रसंगात अडकवतं ते एक क्रियापद. उगारणं. मारायला निघालेला, पण अजून न मारलेला हात. मराठीत त्याला स्वतंत्र शब्द आहे, आणि आडवं येण्याचा सगळा व्यवहार त्या एका शब्दात बसतो.

आमच्या टेबलावर पुस्तकं इंग्रजी आणि भांडण मराठी. पुस्तकात आडवं येण्याचा जवळजवळ प्रत्येक नियम एका छोट्या शब्दाने सुरू होतो: ‘व्हेन’. शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर जातो ‘व्हेन’, तुम्हाला फटका लागतो ‘व्हेन’, कुणी मंत्र म्हणतो ‘व्हेन’. इंग्रजीत हा शब्द निमूट बसून राहतो. टेबलावर कुणी मराठीत विचारलं की लगेच अडचण होते, कारण मराठीला ‘व्हेन’ म्हणून थांबता येत नाही, काहीतरी निवडावं लागतं. जाताना? जाता जाता? जाताच? गेल्यावर? जाऊ लागल्यावर? जायला निघाल्यावर? या सगळ्या निरनिराळ्या वेळा आहेत. आमच्या निम्म्याहून अधिक तंट्यांचा निकाल, नियम मराठीत बोलून पाहिला की आपोआप लागतो, असा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे.

सोप्यापासून सुरुवात करू. ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे निसटणाऱ्यावर फुकटचा वार. शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर पडला की तुम्हाला एक वार मिळतो. कधी? २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत उत्तर स्पष्ट लिहिलं आहे: टप्पा सोडण्याच्या अगदी आधी. म्हणजे ‘जाता जाता’. ‘गेल्यावर’ असतं तर तलवार पोचलीच नसती. वार बसून शत्रू मेला तर प्रेत तुमच्या पायाशी पडतं, पलीकडच्या खोलीत नाही. आणि तुमच्याकडे सेंटिनल नावाचं कसब असेल तर तो वार लागताच त्याचा वेग शून्य होतो. जायला निघालेला माणूस गेलेलाच नसतो.

क्रिकेट बघणाऱ्यांना हा नियम शिकवावा लागत नाही. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीच्या कसोटीत विनू मांकड यांनी चेंडू टाकता टाकता थांबून, क्रीझ सोडून पुढे निघालेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी त्याचं ‘मांकडिंग’ करून टाकलं आणि पंचाहत्तर वर्षं लोक त्याला अखिलाडू म्हणत राहिले. ऑक्टोबर २०२२पासून एमसीसीने तो नियम ४१व्या, म्हणजे अनुचित खेळाच्या कलमातून उचलून ३८व्या, साध्या धावबादच्या कलमात नेऊन ठेवला. त्यात वेळही सांगितली आहे: गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटणं अपेक्षित असतं त्या क्षणापर्यंत. चेंडू सुटला का, हे विचारलेलंच नाही. सुटायला हवा होता तो क्षण. नियम लिहिणाऱ्याला शेवटी अशाच बारीक धाग्यावर उभं राहावं लागतं.

इथे जुन्या खेळाडूंची एक खोड सांगतो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूच्या धाकातल्या चौकटीतून पाऊल बाहेर टाकलं की वार बसे, मग तुम्ही दूर पळा नाहीतर त्याच्याच भोवती फिरा. पाचव्या आवृत्तीत टप्प्याच्या आत कितीही प्रदक्षिणा घाला, वार नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात शिकलेला एक मित्र अजून राक्षसाभोवती फिरायला घाबरतो. त्याला पुस्तक उघडून दाखवलं, तरी तो म्हणतो, ‘असेल, पण मी उभाच राहतो.’

आता शिल्ड. जादूगाराचा साधा, पहिल्या पातळीचा मंत्र: फटका लागतो तेव्हा रिॲक्शन म्हणून वापरायचा, बचावाचा आकडा ५ने वाढतो, आणि ज्या फटक्यामुळे मंत्र म्हटला त्या फटक्यालाही ती वाढ लागू होते. आमच्या भांडणात १५चे २० झाले असते, राक्षसाचे १७ हुकले असते, जादूगारीण उभी राहिली असती. म्हणजे फटका लागलाय, पण अजून लागलेला नाही. नवख्याला हे ऐकून हसू येतं. कबड्डी खेळलेल्याला येत नाही. चढाई करणाऱ्याने स्पर्श केला म्हणून बचावातला गडी लगेच बाद होत नाही; चढाईवाला मध्यरेषेपर्यंत परत पोचला तर तो बाद, पकडला गेला तर नाही. स्पर्श आणि बाद यांच्यामध्ये एक लोंबकळता काळ असतो आणि कबड्डीचा सगळा थरार त्या काळात भरलेला असतो. शिल्डही त्याच फटीत शिरतं: फटका लागल्यावर, जखम व्हायच्या आत.

तो रविवार याच मुद्द्यावर अडला होता. जादूगारीण म्हणत होती, माझी फट हेलिकॉप्टरने खाल्ली, मला ती परत द्या. माझं मत तिच्या बाजूने होतं. मात्र आमचा भाट आडवा आला. भाट म्हणजे गाऊन-बोलून जादू करणारा बार्ड. हा मुलगा मूळचा पुण्याचा, त्यामुळे त्याच्या पात्राचं ‘कटिंग वर्ड्‌स’ हे कसब, म्हणजे शुद्ध मराठीत टोमणा, त्याला वेगळं शिकावं लागलं नाही. तो म्हणाला, ‘प्रश्न वेळेचा नाहीच. तिला आता चौदा माहीत आहेत. चौदा म्हणजे मरण, म्हणून ती शिल्ड मागते आहे. तीन असते तर गप्प बसून मंत्र वाचवला असता.’

सगळे गप्प झाले, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मी इतकी वर्षं हे नियम घड्याळाचे समजत होतो. ते माहितीचे आहेत. कुठल्या क्षणी आडवं येता येईल हे सांगताना नियम खरं तर सांगत असतो, काय कळलेलं असताना आणि काय कळलेलं नसताना तुम्ही निर्णय घ्यायचा. शिल्डवाल्याला फटका लागला हे कळतं, किती लागला हे कळत नाही. २०१४च्या नियमांत भाटाचा टोमणा मारायचा तो फासा पडल्यावर, पण वार लागला की हुकला हे डीएमने जाहीर करायच्या आधी. म्हणजे आकडा दिसतो, निकाल दिसत नाही. जुगारच आहे, फक्त कुठला पत्ता उघडा आणि कुठला पालथा, ते प्रत्येक नियम वेगळं ठरवतो. दोन्ही प्रकारचे फासे एकाच मुठीतून टाकण्याची आमच्या डीएमची सवय वेळ वाचवायची, पण पालथा ठेवायचा पत्ता उघडा करायची.

मंत्र तोडणारा मंत्र, काउंटरस्पेल, यात हे फार सुंदर दिसतं. साठ फुटांच्या आत कुणी मंत्र म्हणताना दिसला की तो मध्येच मोडायचा. इथली वेळ ‘म्हणत असताना’. पण काय म्हणतोय? आमच्याकडे बरेच दिवस डीएम सांगायचा, ‘तो फायरबॉल टाकतो,’ आणि जादूगारीण म्हणायची, ‘तोडते.’ २०१७च्या ‘झॅनाथर्स गाइड’मध्ये यावर बोट ठेवलं गेलं: समोरचा कुठला मंत्र म्हणतोय ते त्याच क्षणी ओळखायलाही रिॲक्शन खर्च होते. आणि रिॲक्शन राउंडला एकच. म्हणजे ओळखाल तर तोडता येणार नाही, तोडाल तर न ओळखता. समोरच्याने एक काजळी दिवा पेटवायचा फुटकळ मंत्र म्हटला आणि तुम्ही त्यावर तिसऱ्या पातळीची शक्ती उधळली, तर ती उधळली. आता आमचा डीएम हाताची बोटं विचित्र वळवून एवढंच म्हणतो, ‘तो काहीतरी पुटपुटतोय.’ ही मजा नियम नीट वाचल्यामुळे आली.

काउंटरस्पेललाही काउंटरस्पेल करता येतं. त्यांनी आग टाकली, आपण मोडली, त्यांच्या जोडीदाराने आपलं मोडणं मोडलं, आपल्या दुसऱ्याने ते मोडलं. सोडवायचं कसं? डब्यातल्या पोळ्यांसारखं. शेवटी भाजलेली सगळ्यात वर असते, ती आधी ताटात येते. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाने हीच चळत आपल्या नियमात रीतसर आणली. रिचर्ड गारफिल्डच्या त्या खेळात १९९३पासून ‘इंटरप्ट’ नावाच्या खास पत्त्यांची जातच होती. १९९९मध्ये ती जात रद्द झाली आणि सगळं एकाच चळतीत रचायचं ठरलं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये अशी चळत पुस्तकात नाही, पण हिशेब तोच निघतो. फक्त २०२४च्या सुधारित नियमांत एक मेख आहे: एका पाळीत मंत्रासाठी एकच स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणण्याच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्च करता येतो, त्यामुळे स्वतःच्या पाळीत आग टाकणाऱ्याला स्वतःच ती वाचवायला स्लॉट घालून आडवं येता येत नाही. जोडीदार हवा. शिवाय नव्या नियमात मंत्र मोडला गेला तरी म्हणणाऱ्याचा स्लॉट वाया जात नाही, तेवढी दया दाखवली आहे.

सौप्तिकपर्वातला शेवटचा प्रसंग आठवा. अश्वत्थाम्याने अस्त्र सोडलं, ते शमवायला अर्जुनाने सोडलं, आणि दोन अस्त्रांच्या मध्ये व्यास आणि नारद येऊन उभे राहिले. अर्जुनाला आपलं परत घेता आलं, अश्वत्थाम्याला आलं नाही. सोडता येणं आणि आवरता येणं ही दोन निराळी कसबं आहेत, हे तिथे फार आधी लिहून ठेवलेलं आहे.

सगळ्यात किचकट नियम मात्र ‘रेडी’चा. आपल्या पाळीत काही न करता दबा धरायचा: ‘अमुक घडलं की मी तमुक करीन.’ ऐकायला निरुपद्रवी. आता बघा. तिसऱ्या आवृत्तीत ही राखून ठेवलेली कृती, ज्या घटनेची वाट पाहत होतात तिच्या अगदी आधी घडे. २००८च्या चौथ्या आवृत्तीत ती घटनेनंतर गेली. पाचवीतही घटना संपल्यावरच. खेळ तोच, वाक्य तेच, आणि ‘तो दारातून आला की बाण मारतो’ याचा अर्थ २००३ साली दाराबाहेर पडलेलं प्रेत आणि २०१४ साली दाराच्या आत पडलेलं प्रेत. आत पडलं तर दार लावता येतं.

चौथ्या आवृत्तीने खरं तर हा घोळ मुळातून मिटवायचा प्रयत्न केला होता. तिथे आडवं येण्याच्या दोन जाती सरळ वेगळ्या केल्या: इंटरप्ट, म्हणजे आधी शिरणारी, आणि रिॲक्शन, म्हणजे नंतर उठणारी. इंटरप्टमुळे मूळ कृती अशक्य झाली तर ती वायाच गेली. कायद्याच्या दृष्टीने इतकी स्वच्छ मांडणी या खेळात ना आधी झाली ना नंतर. पण प्रत्येकाकडे दोन्ही जातींची इतकी हत्यारं असत की एकेका वाराला चार जण हात वर करत, आणि सहा सेकंदांना दीड तास लागे. लोक कंटाळले. पाचवीने दोन्ही जाती ‘रिॲक्शन’ या एकाच नावाखाली घातल्या आणि वेळ ज्याच्या त्याच्या वर्णनात लिहिली. जिथे लिहिलेली नाही तिथे नियम असा: घटना पूर्ण झाल्यावर. आणि दोन गोष्टी नेमक्या एकाच क्षणी घडत असतील तर ज्याची पाळी चालू आहे त्याने क्रम ठरवायचा.

म्हणून रेडी करताना आपलं वाक्य आपणच नीट रचायचं असतं. ‘तो माझ्याकडे आला की’ म्हटलंत तर तो येऊन पोचल्यावर, म्हणजे गदेच्या टप्प्यात. ‘तो खांबाच्या पुढे आला की’ म्हटलंत तर वीस फूट आधी. आमची धनुर्धर गेल्या वर्षी पहिलं वाक्य म्हणाली आणि तीन राउंड त्याचा पश्चात्ताप करत होती. मग हुशार माणूस विचारतो: ‘तो मंत्र म्हणू लागला की बाण’ असं राखून ठेवलं तर मंत्र मोडेल का? माझं उत्तर नाही. एका कृतीच्या मंत्रात ‘म्हणू लागणं’ असा वेगळा, संपलेला तुकडा नियमाला मान्य नाही. तो मंत्र एकसंध आहे, बाण नंतरच जाईल. असा तुकडा मान्य केला तर काउंटरस्पेल शिकायचंच कशाला, दोन रुपयांचा बाण तेच काम करील. दुसरे डीएम वेगळा निकाल देतात. द्यावा.

आणि तो निकाल देणाऱ्यांच्या मनात बहुतेक १९७९ सालचं जुनं पुस्तक असतं. त्यात राउंड होता एक मिनिटाचा आणि त्याचे दहा तुकडे, सेगमेंट, सहा-सहा सेकंदांचे. आजचा अख्खा राउंड म्हणजे तेव्हाचा एक तुकडा. प्रत्येक मंत्राला किती तुकडे लागतात ते दिलेलं असे; फायरबॉलला तीन. त्या तीन तुकड्यांत जादूगाराला नुसतं खरचटलं तरी मंत्र गेला, आणि पाठ केलेला मंत्र डोक्यातूनही पुसला गेला. शिवाय प्रत्येक हत्याराचा स्वतःचा वेग, त्याची मंत्राच्या तुकड्यांशी तुलना. ते प्रकरण नीट वाचून जसंच्या तसं चालवणारा डीएम मी अजून पाहिलेला नाही. तरी त्यातलं एक मला आवडतं. तिथे मंत्र म्हणणं हे खरंच ‘उगारणं’ होतं. कुणाला तरी जादूगारापुढे उभं राहून वार अंगावर घ्यावे लागत.

आता मराठीच्या कौतुकाला लागलेलं गालबोट. ही भाषा जितकी काटेकोर तितकीच लबाड आहे. ‘आलोच’ म्हणणारा माणूस अंधेरीला अजून चपला शोधत असतो. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि निघून जातो. मारायच्या आधीच ‘मेलास आता’ म्हणून मोकळे होतो. भूतकाळ आपण घाईपोटी भविष्यावर टाकतो. त्यामुळे आमच्या टेबलावर खेळाडू फासा उचलायच्या आधीच ‘मारला त्याला!’ म्हणतात, आणि डीएमही राक्षसाच्या तोंडून ‘घे, फोडलं डोकं!’ म्हणून जातो. अशा वेळी आडवं यायचं कुणी आणि कधी? फट उघडायच्या आधीच व्याकरणाने ती बुजवून टाकलेली असते.

पाऊण तासाने डीएमने निकाल दिला. शिल्ड मंजूर, कारण ऐकू न आलेला शब्द हा बोललेला शब्द नाही. पण आकडा कळल्यावर मागितलं म्हणून जादूगारिणीने नाणं उडवायचं. छापा आला तर मंत्र लागू, काटा आला तर गदा लागू. पुस्तकात असलं काही नाही. भाट म्हणाला, हा तर सरळ मांडवलीचा निकाल. जादूगारिणीने नाणं उडवलं, ते सोफ्याखाली गेलं, आणि ते काढताना झाडूच्या दांड्याने पालथं झालं की नाही यावर आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी ती उभी राहिली.

त्यानंतर डीएमने दोन सवयी लावून घेतल्या. नुकसानीचे फासे तो वेगळे टाकतो. आणि ‘लागला’ म्हणत नाही. ‘लागतोय’ म्हणतो, आणि थांबतो. त्या ‘तोय’मध्ये ज्याला शिरायचं त्याने शिरावं. कुणी शिरलं नाही की मग ‘लागला’, आणि मग आकडा. पृथ्वी थिएटरला नाटक बघितलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. तिथे तिसरी घंटा झाली की दार बंद. ‘अहो, रिक्षा मिळाली नाही’ ही सबब कितीही खरी असली तरी ती दाराबाहेरच सांगायची. पहिल्या दोन घंटा कशाला असतात, ते १९७८पासून जुहूत येणाऱ्या प्रेक्षकांना कळलेलं आहे. आम्हाला कळायला एक हेलिकॉप्टर लागलं.

मागच्या रविवारी गुहेत दुसरा राक्षस होता, पहिल्याचा भाऊ. जादूगारिणीकडे हिट पॉइंट ९, आणि शिल्डपुरता एकच स्लॉट. डीएमने फासा टाकला, आकड्यावर नजर टाकली, हाताच्या ओंजळीने तो झाकला. ‘गदा उगारली आहे,’ तो म्हणाला, आणि तेवढ्यात गच्चीवर घरघर सुरू झाली. कप थरथरू लागले. त्याने तोंड उघडलं होतं ते मिटलं. दुसरा हात वर धरला, तसाच. आम्ही पाचही जण छताकडे बघत बसलो. भाटाने तेवढ्यात एक बिस्किट खाल्लं. घरघर समुद्रावर गेली, पातळ झाली, संपली.

‘लागतोय,’ डीएम म्हणाला.

जादूगारीण त्याच्या झाकलेल्या ओंजळीकडे बघत होती.